कातड्याची सीट टोचतेय? ‘होईल सवय’ म्हणण्याआधी फोन काढा

सायकलवाल्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोडे दिवस राहिलात की हा संवाद एकदा तरी वाचायला मिळतोच. कुणीतरी नवीकोरी कातड्याची सीट बसवलेली असते, फोटो टाकलेला असतो, वीस जणांनी अंगठा दाखवलेला असतो. आठवड्याने तोच माणूस विचारतो, ‘फार दुखतंय यार, काय करू?’ आणि उत्तर ठरलेलं, ‘होईल सवय. पाचशे किलोमीटर चालव, मग बघ.’

हे उत्तर अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच त्रासदायक आहे. कातडं खरंच बदलतं, तुमच्या शरीराच्या आकाराला येतं. पण दुखणं दोन प्रकारचं असतं. एक कातड्याच्या कडकपणामुळे होतं, ते हळूहळू जातं. दुसरं सीट चुकीच्या उंचीवर, चुकीच्या कोनात किंवा चुकीच्या जागी असल्यामुळे होतं. ते पाचशे काय, पाच हजार किलोमीटरनेही जात नाही. शिवाय यातला एक प्रकार, म्हणजे बधिरपणा, सहन करत बसण्यासारखा अजिबात नाही. त्याबद्दल खाली सविस्तर.

बहुतेक वेळा होतं असं, की माणूस महिनाभर दात-ओठ खात चालवतो, मग सीट काढून माळ्यावर टाकतो. कधीकधी सायकलही तिच्या मागोमाग जाते. हजारो रुपयांची सीट आणि नुकतीच लागलेली चांगली सवय, दोन्ही गेलं. आणि दोष असतो एका बोल्टचा.

गादी नाही, बाज आहे

साध्या सायकलच्या सीटमध्ये खाली प्लास्टिकचं कडक कवच, त्यावर फोम आणि वर रेक्झिन किंवा कापड असतं. बसलं की फोम दबतो. म्हणजे ती गादी झाली. कातड्याच्या सीटमध्ये यातलं काहीच नसतं. एक जाड कातडं पुढे आणि मागे लोखंडी सांगाड्याला रिव्हेटने ठोकलेलं असतं आणि मधला भाग हवेत ताणलेला असतो. खाली हात घालून बघा, कातड्याचा उलटा भाग सरळ हाताला लागेल.

गावाकडे नवारीची बाज पाहिली असेल, तर हे लगेच समजेल. नवार नवी असताना बाज ताठ वाटते. वापरून मधोमध थोडी झोळ येते आणि मग ती अंगाला बरी वाटते. फार झोळ आली की पुन्हा ताणून बांधायची. कातड्याच्या सीटचं अगदी असंच चालतं. पुढच्या निमुळत्या टोकाखाली, ज्याला सायकलवाले नोज म्हणतात, तिथे एक बोल्ट असतो. तो फिरवला की नोज पुढे ढकललं जातं आणि कातडं ताणलं जातं. बाज आवळणंच ते. या बोल्टकडे आपण शेवटी येऊ, कारण सगळे त्याच्याकडे सगळ्यात आधी जातात.

या रचनेची सगळ्यात प्रसिद्ध कंपनी म्हणजे इंग्लंडची ब्रुक्स. १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये जॉन बूल्टबी ब्रुक्सने घोड्यांच्या खोगिरांचं आणि चामड्याच्या सामानाचं काम सुरू केलं. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की ब्रुक्सचा घोडा मेला, त्याने कामावर जायला सायकल घेतली आणि तिची सीट त्याला इतकी लागली, की तो स्वतःच सीट बनवायच्या मागे लागला. त्याचं पहिलं पेटंट १८८२चं. आज सगळ्यात जास्त बोलबाला असलेलं त्यांचं बी १७ हे मॉडेल १८९०च्या दशकापासून विकलं जातंय. सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षांपूर्वीचा कोड जुनाट वाटणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा लाजवणारंच आहे.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींवर जी रुंद, मागे जाड स्प्रिंगा असलेली सीट दिसते, ती याच घराण्यातली. फरक इतकाच, की त्या सायकलवर माणूस ताठ बसतो, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगवाली. बी १७ अशा सायकलसाठी आहे जिथे हँडल साधारण सीटच्याच उंचीला असतं आणि तुम्ही थोडे पुढे वाकता. पूर्ण वाकून चालवणाऱ्यांसाठी आणखी अरुंद मॉडेल्स आहेत. बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं. सायकल एका जातीची, सीट दुसऱ्या जातीची.

कुठे दुखतंय, ते आधी नीट सांगा

‘दुखतंय’ हा बग रिपोर्ट नाही. ‘अ‍ॅप चालत नाही’ म्हणण्याइतकंच ते मोघम आहे. जागा कळली की निम्मं काम झालं.

आपण बसतो तेव्हा वजन पेलायला ओटीपोटाच्या हाडाची दोन टोकं असतात. कडक बाकावर बसून थोडं पुढे-मागे झुललात की ती जाणवतात. सायकलवाले त्यांना सिट बोन्स म्हणतात. याच दोन जागी, नुसतं दाबल्यासारखं, मुका मार लागल्यासारखं दुखत असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी होत असेल, तर चांगली बातमी. वजन योग्य जागी येतंय. कातडंही नवीन आहे आणि तुमचे स्नायूही. हे दुखणं खरोखर सवयीने जातं.

त्याच दोन जागी, पण धारदार, लोखंडावर बसल्यासारखं टोचत असेल, तर तुम्ही बहुधा खरोखरच लोखंडावर बसलाय. कातड्याच्या मागच्या कडेला आतून लोखंडी पट्टी असते आणि रिव्हेट तिच्यातून गेलेले असतात. हाडं तिच्यावर आली तर कितीही किलोमीटर चालवा, लोखंड काही मऊ होत नाही.

मांडीच्या आतल्या बाजूला सोलवटत असेल, तर सीट जास्त उंच, जास्त रुंद किंवा कातड्याच्या बाजूच्या झालरी बाहेर फाकलेल्या. एका बाजूलाच दुखत असेल, तर सीट किंचित वळलेली आहे का ते आधी बघा. वरून, टॉप ट्यूबच्या रेषेत.

आणि पुढच्या बाजूला, दोन पायांच्या मधल्या नाजूक भागात दाब येत असेल, मुंग्या येत असतील, बधिर होत असेल, तर ही वेगळी गोष्ट आहे. त्या भागातून पुडेंडल नावाची नस आणि तिच्याबरोबर रक्तवाहिन्या जातात. सीट आणि हाड यांच्यामध्ये त्या चेंगरल्या की बधिरपणा येतो. पुरुषांना आणि स्त्रियांना, दोघांनाही. लाजेपोटी याबद्दल कुणी ग्रुपवर लिहीत नाही आणि लिहिलं तर वर ‘होईल सवय’ येतंच. याची सवय करायची नसते. बधिर वाटलं की तिथेच उतरा, चाला, आणि पुढची राईड सेटिंग बदलल्याशिवाय करू नका. उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, वारंवार होत असेल, किंवा लघवीला त्रास, रक्त असं काही दिसलं, तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. कातडी सोलवटून गळू झालं असेल, तर ते बरं होईपर्यंत सुट्टी.

फोनची लेव्हल

आता हत्यारं. एलन की किंवा पाना, एक सरळ पट्टी (शाळेतली फूटपट्टी चालेल, थोडी लांब लाकडी पट्टी असेल तर उत्तम), चिकटपट्टी आणि फोन.

फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर तरंगणारा एक इवलासा तुकडा, जो गुरुत्वाकर्षणाने किंचित सरकतो. किती सरकला ते विजेच्या संकेतातून मोजून फोनला कळतं की ‘खाली’ म्हणजे कुठे. स्क्रीन आडवी-उभी होते ती यामुळेच. आयफोनच्या मेझर अ‍ॅपमध्ये लेव्हल आधीपासून असते. अँड्रॉइडवर लेव्हलची फुकट अ‍ॅप्स ढिगाने आहेत. फक्त कोन मोजायला कॉन्टॅक्ट्स किंवा लोकेशनची परवानगी मागणारं अ‍ॅप असेल, तर ते तिथल्या तिथे उडवा.

पट्टी सीटवर लांबीच्या दिशेने अशी ठेवा, की ती मागच्या उंच कडेवर आणि नोजवर टेकेल. मधला खोलगट भाग पट्टीखाली मोकळा राहील, तो राहू द्या. पट्टीवर फोन त्याच्या लांब कडेवर उभा करा. पाठीवर ठेवलात तर कॅमेऱ्याचा उंचवटा कोन बिघडवतो. कव्हर काढलं तर आणखी बरं.

फोनवर विश्वास ठेवण्याआधी एक चाचणी. आकडा बघा, मग फोन त्याच जागी उलट तोंडाने ठेवून पुन्हा बघा. समजा, आधी अधिक २ आणि मग उणे १ आलं. दोन्हींची बेरीज १, तिचा निम्मा म्हणजे अर्धा अंश ही फोनची चूक. खरा कोन दीड अंश. एवढं केलंत की हजार रुपयांची डिजिटल लेव्हल घ्यायची गरज नाही. सायकल मात्र दर वेळी त्याच फरशीवर, त्याच दिशेने उभी करा. आपल्या घरांच्या, विशेषतः पार्किंगच्या फरश्या पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराच्या असतात.

कोन किती असावा? फोमची सीट साधारण सपाट ठेवतात. कातड्याची सीट तुमच्या वजनाने मध्ये झोळ धरते, त्यामुळे रिकामी असताना सपाट दिसणारी सीट बसल्यावर पुढे घसरवते. म्हणून सुरुवात सपाटपासून किंवा नोज एक-दोन अंश वर, अशी करा. पुढे शरीर सांगेल. सारखं पुढे घसरताय, मनगटं आणि खांदे भरून येतायत, तर नोज किंचित वर. पुढच्या भागात दाब येतोय, तर किंचित खाली. किंचित म्हणजे अर्धा अंश. नजरेला तो दिसतही नाही, पण तासाभराच्या राईडमध्ये चांगलाच जाणवतो. पाना घेऊन ‘जरा खाली करू’ म्हणत एकदम पाच अंश वाकवणारे बरेच असतात. त्यांची तक्रार मग नुसती जागा बदलते, सीटवरून हातांकडे.

दोन्ही एकदम होत असेल, म्हणजे घसरायलाही होतंय आणि पुढे दाबही येतोय, तर गुन्हेगार सीट नाही. हँडल फार खाली किंवा फार लांब आहे. तुम्ही हात पोहोचवण्यासाठी कंबर पुढे लोटताय आणि वजन हाडांवरून नाजूक भागावर जातंय. हँडल वर घ्या, किंवा छोटा स्टेम लावा. बी १७सारखी सीट ठेवून हँडल सीटपेक्षा बरंच खाली ठेवायचं असेल, तर ती जोडी जमणं कठीण आहे, मग कुणी काहीही सांगो.

एक अडचण हमखास येते. स्वस्त सायकलींवर सीट धरणाऱ्या क्लॅम्पला दातेरी चकत्या असतात. एक दात सरकला की कोन एकदम काही अंशांनी उडी मारतो. मग नोज एक तर फार वर, नाही तर फार खाली. मधलं सेटिंग त्या क्लॅम्पमध्ये अस्तित्वातच नसतं. पुण्यातल्या माझ्या एका मित्राने याच कारणासाठी सीट विकायला काढली होती. दोन बोल्टवाली सीटपोस्ट लावल्यावर, ज्यात पुढचा सैल करून मागचा आवळत बारीक बारीक कोन बदलता येतो, त्याने जाहिरात मागे घेतली. सीटपोस्ट घेताना मात्र फ्रेममध्ये जाणारा व्यास जुन्या पोस्टवर कोरलेला असतो, तो वाचून तेवढाच घ्या. ०.२ मिमीचाही फरक चालत नाही.

उंची

उंचीबद्दल थोडक्यात. चप्पल-बूट काढून भिंतीला टेकून उभे राहा, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ने गुणा. पेडल फिरतं त्या मधल्या एक्सलपासून सीटच्या वरच्या भागापर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत, साधारण तेवढं अंतर हवं. ८० सेंटीमीटर आलं तर ७०.६. मोजपट्टी नसेल तर टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या, गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. ही सुरुवात आहे, अंतिम निकाल नाही.

खात्री फोनने करायची. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, पाय नेहमीसारखा पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या आणि बाजूने फोटो काढायला सांगा. फोटो काढणाऱ्याने दोन-तीन मीटर लांब उभं राहायचं, फोन गुडघ्याच्या उंचीला, झूम २. जवळून वाइड कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत कोन खोटे येतात. फोटोत गुडघा पूर्ण सरळ रेषेपासून २५ ते ३५ अंश वाकलेला दिसला की ठीक. मग मागून, चालत्या सायकलवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. कंबर डावी-उजवीकडे हलत असेल, तर सीट उंच आहे आणि तुम्ही दर पेडलला कातड्यावर घासताय. सोलवटण्याचं हे सगळ्यात साधं कारण, आणि नोजवरच्या दाबाचंही.

कातड्याच्या सीटबाबत ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की पहिल्या काही महिन्यांत झोळ येते तशी तुमची बसण्याची उंची काही मिलिमीटरने खाली जाते. तेव्हा पुन्हा मोजा.

पुढे की मागे

इथे कातड्याच्या सीटची एक खोड आहे. सीटखालच्या दोन सळ्या, म्हणजे रेल, ज्यांना क्लॅम्प धरतो, त्यांचा सरळ भाग फोमच्या सीटपेक्षा आखूड असतो. त्यामुळे सीट फार मागे सरकवता येत नाही. सीट पुढे राहिली की माणूस नकळत मागे सरकून बसतो. मागे काय आहे? ती लोखंडी पट्टी. ‘रिव्हेट टोचतात’ ही तक्रार बऱ्याचदा अशी तयार होते आणि तिचा इलाज कातडं मऊ करणं नाही, तर मागे झुकाव असलेली सीटपोस्ट आहे. उलट सीट फार मागे असेल, तर तुम्ही पुढे, अरुंद भागावर येऊन बसता.

तुम्ही नक्की कुठे बसता ते सीटच सांगते. साठ-सत्तर किलोमीटर झाल्यावर रात्री दिवे बंद करा आणि फोनचा टॉर्च सीटला जवळजवळ समांतर, अगदी कडेने धरा. वरून न दिसणारे दोन हलके खळगे सावलीत उठून दिसतील. ते रिव्हेटच्या रांगेच्या पुढे, मोकळ्या कातड्यावर आणि दोन्ही बाजूंना सारखे हवेत. पट्टीवर चढलेले असतील तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. दर पंधरा दिवसांनी याच पद्धतीने फोटो काढून ठेवलेत तर सीट तुमच्या आकाराला येताना अक्षरशः बघता येते. मला यात सीटपेक्षा जास्त मजा येते.

खळगे पट्टीवरून खाली येतच नसतील, तर मग रुंदी तपासा. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक बाकावर ठेवून त्यावर थोडं पुढे वाकून मिनिटभर बसा. दोन खोलगट ठसे उमटतात, त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. फोमच्या सीटला या अंतरात साधारण २० मिमी मिळवतात, ताठ बसणाऱ्यांसाठी जास्त. कातड्याच्या सीटला सढळ हाताने मिळवा, कारण सीटच्या छापील रुंदीत मागची पट्टीही मोजलेली असते. बी १७ सुमारे १७० ते १७५ मिमी रुंद आहे, बहुतेकांना पुरते. सुमारे १५० मिमीची रेसिंग मॉडेल्स दिसायला देखणी असतात, पण ठशांमधलं अंतर १३० आलं असेल तर नुसत्या देखणेपणावर पैसे घालवू नका. स्त्रियांची हाडं सरासरीने जास्त रुंद असतात हे खरं, पण सरासरीवर सीट घेऊ नका, पुठ्ठ्यावर घ्या. ब्रुक्सच्या नावापुढे एस असलेल्या मॉडेल्सचं नोज आखूड असतं. स्कर्ट घालून चालवणाऱ्यांसाठी ती पद्धत पडली, पण नोजचा त्रास होणाऱ्या कुणालाही चालते.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. उंची, कोन आणि जागा तिन्ही एका संध्याकाळी बदललंत, तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करा, आकडे तारखेसकट नोट्समध्ये लिहा, त्याच रस्त्यावर दोन-तीन राईड करा, मग पुढचा बदल. आधीपेक्षा वाईट झालं तर जुन्या आकड्यावर परत जाता येतं.

आता कातडं

या सीटचं कातडं झाडाच्या साली-फळांमधल्या टॅनिनने कमावलेलं असतं. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे कोल्हापुरी चप्पल. तिचं कातडंही पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. नवी कोल्हापुरी चावते आणि आठ-दहा दिवसांत पायाची होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. घाम, ऊब आणि वजन यांच्यामुळे कातड्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि नव्या आकारात बसतात. सीटचं कातडं चपलेपेक्षा ताणलेलं आणि जाड, त्यामुळे वेळ जास्त. काही शे किलोमीटर धरून चाला. पातळ किंवा कारखान्यातच मऊ केलेलं असेल, तर लवकर.

कोल्हापुरीला घरी तेल लावतात, मग सीटला का नको? कारण चप्पल जमिनीवर टेकलेली असते, सीट हवेत लटकलेली असते. तेलाने तंतूंमधलं घर्षण कमी होतं, कातडं मऊ पडतं. चपलेला ते हवंच आहे. सीटला मात्र तुमचं सगळं वजन त्या घर्षणाच्या आणि ताणाच्या जोरावरच पेलायचंय. खोबरेल किंवा मोहरीचं तेल चोळलेली सीट पहिले दोन आठवडे स्वर्गसुख देते आणि मग हॅमॉक होते. मधला भाग खाली गेला की दोन्ही बाजूंच्या कडा आणि नोज वर येतात आणि दाब नेमका नको तिथे जातो. ते तेल बाहेर काढता येत नाही.

वापरायचं ते मेणयुक्त मलम. ब्रुक्सचं स्वतःचं प्रूफाइड नावाचं आहे, त्यात चरबी, मेण आणि तेलं असतात. नाही मिळालं तर मधमाशीच्या मेणाचं, रंग नसलेलं लेदर कंडिशनर चालेल. नव्या सीटला वरून पातळ थर, एकदा खालूनही, रात्रभर ठेवून सुती कापडाने पुसायचं. पुढे तीन-चार महिन्यांनी, वरून. रंगीत बूटपॉलिश नको, ते तुमच्या पँटला पॉलिश करेल.

सीट पाण्यात भिजवून तिच्यावर बसायचं, म्हणजे लवकर आकार येतो, असाही एक सल्ला फिरतो. आकार येतो, आणि मग येतच राहतो. ओलं कातडं ताणलं की पूर्ववत होत नाही. त्यातून कुणी ते उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं, तर ते आक्रसून कडक होतं. दोन्हीकडून नुकसान.

जेलचं कव्हर? फोमच्या सीटवर एक वेळ चालेल. कातड्यावर नको. हाडं जेलमध्ये रुततात, जेल मध्ये फुगून वर येतं आणि खालच्या कातड्याला तुमचा आकार कधी कळतच नाही. त्यापेक्षा कपड्यांकडे बघा. जीन्सच्या चार जाड शिवणी नेमक्या त्याच जागी एकत्र येतात जिथे तुम्ही बसता. पॅडची सायकलिंग शॉर्ट घाला आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका, पॅड कातडीला लागूनच असायला हवं. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभे राहा. रक्त फिरतं, कातडंही श्वास घेतं.

झालरी बाहेर फाकून मांडीला लागत असतील, तर दोन्ही बाजूंना खाली भोकं पाडून बुटाच्या लेसने एकमेकींना बांधतात. काही मॉडेल्समध्ये भोकं आधीच असतात. कातडं बाजूंनी आवळलं गेल्याने मधली झोळही सावरते. पाच रुपयांच्या लेसने इतकं काम दुसरीकडे क्वचितच होतं.

आणि आता तो बोल्ट. नवी सीट कडक लागतेय म्हणून तो सैल करायचा नाही आणि सैल वाटतेय म्हणून लगेच आवळायचाही नाही. पहिले काही महिने त्याला हातच लावू नका. नंतर झोळ इतकी आली, की बसल्यावर कातडं खालच्या रेलला टेकतं किंवा कडा फाकतात, तेव्हा सीटसोबत मिळालेल्या पान्याने पाव फेरा. मग काही राईड्स, मग लागलाच तर आणखी पाव. एकदम दोन-तीन फेरे आवळले तर सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर येतो आणि कातडं तिथे फाटतं. अशी सीट दुरुस्त करणं म्हणजे नवीन कातडं चढवणंच.

पाऊस आणि बुरशी

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल, तर चार महिने हा खरा शत्रू. पाणी वरूनच येतं असं नाही. मागचं चाक चिखल सीटच्या खालच्या, उघड्या बाजूला मारतं आणि तिथूनच कातडं जास्त पाणी पितं. म्हणून मागचा मडगार्ड लांब, सीटखाली नीट येणारा हवा. राईडमध्ये सीटवर पाणी न जाऊ देणारं कव्हर घाला, पण सायकल लावली की ते काढा. प्लास्टिकची पिशवी रात्रभर बांधून ठेवली, तर सकाळी आत हिरवट-पांढरी बुरशी तयार. ती कोरड्या कापडाने पुसा, सावलीत वारा लागेल असं ठेवा, वाळल्यावर मलमाचा पातळ थर. भिजलीच, तर पूर्ण वाळेपर्यंत त्या सीटवर बसायचं नाही. एक-दोन दिवस जुनी फोमची सीट लावा. रोज भर पावसात ऑफिसला जाणाऱ्याने जून ते सप्टेंबर कातडं घरी ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सीट त्यासाठी केलेली नाही, आणि दोन बोल्टचं तर काम आहे.

सेकंडहँड सीट घेणार असाल, तर वरचीच टॉर्चची युक्ती दुकानात वापरा. दोन खळगे दिसतील, ते आधीच्या मालकाचे. तुमच्या पुठ्ठ्यावरच्या अंतराशी जुळत असतील तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत आयती मिळाली. नसतील, तर दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं होईल. मग उलटी करून रिव्हेटच्या भोवती चिरा आहेत का आणि बोल्टचे आटे किती उरलेत ते बघा. बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर त्या सीटला पुढे ताणायला जागाच नाही. विकणारा ‘एकदम मऊ झालीय’ म्हणाला, तर कशाने झाली तेही विचारा, आणि कातड्याला तेलाचा वास येतोय का तेवढं नाकानेही तपासा.